अर्ध्या बोटाची फट सापडली आणि मधमाश्यांचं घर बदललं: लँगस्ट्रॉथची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला मधमाश्या नव्या नाहीत. अजिंठ्याला गेलेल्या अनेकांनी कड्याला लटकलेली आग्यामाश्यांची भलीमोठी पोळी पाहिली असतील. बांधावरच्या बोरी-बाभळीत फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं गुराख्यांना सहज दिसतं. या भागात नवीन आहे ती मधमाश्यांची पेटी. डाळिंबाची बाग असलेले, कांद्याचं बियाणं घेणारे शेतकरी परागीभवनासाठी शेतात पेट्या ठेवायचा विचार करू लागले, की पहिला प्रश्न येतो तो पेटीचाच. कोणती घ्यायची? लहान की मोठी? महाग आहे ती चांगली असेल का?

या पेट्यांमधल्या मोठ्या, दहा चौकटींच्या पेटीला लँगस्ट्रॉथ पेटी म्हणतात. हे कंपनीचं नाव नाही, माणसाचं आहे. लोरेन्झो लोरेन लँगस्ट्रॉथ. अमेरिकेतला एक धर्मगुरू आणि शिक्षक. आज जगात पेटीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक मधमाश्या त्याने शोधलेल्या तत्त्वावर बांधलेल्या घरात राहतात. पेटी कशी निवडायची, या प्रश्नाचं उत्तरही त्याच्याच आयुष्यात सापडतं. फक्त ते मिळवताना त्याला काय सोसावं लागलं, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

गुडघ्यावर फाटणाऱ्या विजारी

लँगस्ट्रॉथचा जन्म २५ डिसेंबर १८१० रोजी फिलाडेल्फिया शहरात झाला. घरात दहा भावंडं. या पोराला लहानपणापासून एकच नाद होता, किडे-मुंग्या बघायचा. वाटेवर गुडघे टेकून तो तासन् तास मुंग्यांची ये-जा पाहत बसायचा. जमिनीत छोटे खड्डे करून त्यात पावाचे तुकडे आणि मेलेल्या माश्या टाकायचा आणि मुंग्या आता काय करतात ते बघायचा. विजारी गुडघ्यावर फाटायच्या आणि घरी बोलणी बसायची. किड्यांवरचं पुस्तक कुणी आणून दिलं नाही. असल्या रिकाम्या उद्योगाचं कौतुक करावं, असं त्या घरात कुणाला वाटत नव्हतं.

पोरगा अभ्यासात मात्र हुशार होता. १८३१ मध्ये तो येल कॉलेजातून पदवीधर झाला आणि नंतर काही काळ तिथेच शिकवू लागला. १८३६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अँडोव्हर गावच्या चर्चमध्ये धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी अ‍ॅना टकरशी लग्न झालं. अ‍ॅनाही शिक्षिका होती. संसार, मान आणि पगार, सगळं वेळेवर मिळालं होतं. मुंग्यांचा नाद मागे पडल्यासारखा झाला होता.

टेबलावरचं मधाचं भांडं

१८३८ च्या उन्हाळ्यात लँगस्ट्रॉथ एका मित्राकडे गेला. बैठकीच्या खोलीत काचेचं मोठं भांडं होतं आणि त्यात मधाने भरलेलं पोळं. त्याने सहज चौकशी केली, तेव्हा मित्राने त्याला माळ्यावर नेऊन आपल्या मधमाश्या दाखवल्या. लहानपणीचा नाद एका क्षणात परत आला. त्या संध्याकाळी लँगस्ट्रॉथ घरी परतला तो मधमाश्यांच्या दोन वसाहती विकत घेऊनच.

त्या वसाहती साध्या लाकडी खोक्यात होत्या. मधमाशीपालन तेव्हा कसं चालायचं हे समजून घेतलं, तरच पुढची गोष्ट कळते. युरोपात गवताच्या पेंढ्यापासून विणलेल्या उलट्या टोपल्या असायच्या, अमेरिकेत लाकडी खोकी किंवा पोकळ ओंडके. माश्या आत शिरून आपल्या पद्धतीने पोळी बांधायच्या आणि ती छताला, भिंतींना चिकटवून टाकायच्या. आत काय चाललंय, राणी जिवंत आहे का, मेणकिडा लागलाय का, काहीच दिसायचं नाही. बघायचं तर पोळं कापावं लागायचं, आणि मध काढायचा तर घर मोडावं लागायचं. अनेक ठिकाणी हंगाम संपला की गंधकाचा धूर करून माश्या मारूनच टाकत आणि मग मध काढत.

म्हणजे ज्या वसाहतीने भरपूर मध जमवला, तीच आधी मारली जायची. माणसाला मध हवा असेल तर माशीचं घर जाणार, हे जणू ठरलेलंच होतं. कडेकपारीवरची आग्याची पोळी जाळून मध काढणाऱ्यांचा हिशेबही याहून वेगळा नसतो. मध एकदा मिळतो, वसाहत मात्र कायमची जाते.

आधीच्यांनी काय केलं होतं?

लँगस्ट्रॉथ पुस्तकं वाचायला लागला. त्यातलं एक नाव त्याच्या मनात बसलं. फ्रान्स्वा ह्युबर. जिनिव्हाचा हा संशोधक दृष्टिहीन होता. आपल्या नोकराच्या डोळ्यांनी त्याने मधमाश्यांचा अभ्यास केला. अठराव्या शतकाच्या शेवटी त्याने एक पेटी बनवली होती. तिच्या चौकटी पुस्तकाच्या पानांसारख्या उघडायच्या आणि प्रत्येक चौकटीत एक पोळं असायचं. माश्यांना नीट हाताळलं तर त्या आपलं घर उघडू देतात, हे ह्युबरच्या प्रयोगांमुळे लँगस्ट्रॉथला पटलं. पण ती पेटी होती अभ्यासासाठी. रोजच्या कामात पानं मिटताना माश्या चिरडायच्या.

दुसरं नाव इंग्लंडच्या एडवर्ड बेवनचं. त्याच्या पेटीत वरून आडव्या पट्ट्या टाकलेल्या असत आणि माश्या त्या पट्ट्यांना पोळी लटकवत. पट्टी वर उचलली की पोळंही वर यायला हवं. पण तसं होत नसे, कारण माश्यांनी पोळ्याच्या कडा पेटीच्या भिंतींना चिकटवलेल्या असत. प्रत्येक वेळी सुरी घालून त्या कापाव्या लागत. सध्याच्या पोलंडमधल्या सायलीशिया प्रांतात योहान झिअरझोन नावाचा आणखी एक धर्मगुरू अशाच पट्ट्यांच्या पेटीवर काम करत होता. सुरी त्याच्याकडेही लागायचीच.

थोडक्यात, हलवता येणाऱ्या पोळ्याची कल्पना जुनी होती. चौकटीही लोकांनी करून पाहिल्या होत्या. सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडत होती. माश्या सगळं काही एकमेकांना चिकटवून टाकायच्या.

ऑक्टोबर १८५१

मधल्या काळात लँगस्ट्रॉथची तब्येत बिघडली होती. अधूनमधून त्याला नैराश्याचे झटके यायचे, आणि ते इतके तीव्र असायचे, की प्रवचन देणं सोडाच, माणसांत बसणंही जमायचं नाही. अँडोव्हरचं काम सुटलं. मग मुलींच्या शाळेत मुख्याध्यापक, मग ग्रीनफिल्ड गावात पुन्हा धर्मगुरू, मग तेही सुटलं. १८४८ मध्ये तो फिलाडेल्फियाला परतला आणि त्याने मुलींसाठी शाळा काढली. फावल्या वेळात माश्यांवरचे प्रयोग चालूच होते.

त्याने बेवनच्या पेटीत एक छोटी सुधारणा केली. पट्ट्या आणि वरचं झाकण यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवली. हेतू इतकाच, की झाकण सहज निघावं. जागेचं माप होतं तीन अष्टमांश इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. अर्ध्या बोटाएवढी फट. आणि त्याच्या लक्षात आलं, की या फटीत माश्या काहीच करत नाहीत. चिकट राळ भरत नाहीत, मेणाचं बांधकामही करत नाहीत. ती जागा त्या ये-जा करायला मोकळी ठेवतात.

फट यापेक्षा लहान असली तर माश्या ती राळेने बुजवून टाकत. मोठी असली तर तिथे जादा पोळं बांधून मोकळ्या होत. मधलं एक माप होतं, जे त्यांच्या हिशेबात रस्ता होतं.

झाकणाखाली हे जमलं, पण पोळ्यांच्या कडा अजून भिंतींना चिकटतच होत्या. ऑक्टोबर १८५१ च्या अखेरीस, एका दुपारी मधमाश्यांकडून घरी चालत येताना त्याच्या डोक्यात विचार आला, की तीच फट चारी बाजूंनी ठेवली तर? पट्टीऐवजी पूर्ण लाकडी चौकट करायची. चौकट आणि भिंत यांच्यात तीच अर्ध्या बोटाची जागा, खाली तळाशीही तीच, आणि शेजारच्या दोन चौकटींमध्ये माश्यांना फिरता येईल एवढं अंतर. माश्या चौकटीच्या आत पोळं बांधतील आणि बाहेरची जागा रस्ता म्हणून सोडून देतील. मग कुठलीही चौकट, कधीही, कपाटातून पुस्तक काढावं तशी वर काढता येईल.

भर रस्त्यात आर्किमिडीजसारखं ओरडावंसं वाटलं, असं त्याने पुढे लिहून ठेवलं.

या मोकळ्या जागेला इंग्रजीत 'बी स्पेस' म्हणतात. मराठीत माशीची वाट म्हणता येईल. लँगस्ट्रॉथचा मोठेपणा लाकडाच्या कारागिरीत नाही. आधीच्या लोकांनी पेटी माणसाच्या सोयीने आखली आणि माश्यांनी ती मानावी अशी अपेक्षा केली. लँगस्ट्रॉथने माश्या कोणतं माप पाळतात ते आधी पाहिलं आणि मग त्या मापाने लाकूड कापलं.

पेटंट, पुस्तक आणि एक दिलदार बँकर

फिलाडेल्फियातला हेन्री बुर्किन नावाचा सुतार स्वतःही मधमाश्यांचा शौकीन होता. त्याने लँगस्ट्रॉथसाठी अशा शंभरावर पेट्या बनवल्या. ५ ऑक्टोबर १८५२ रोजी लँगस्ट्रॉथला अमेरिकेचं पेटंट मिळालं, क्रमांक ९३००.

त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातला सॅम्युएल वॅग्नर नावाचा बँकर त्याला भेटायला आला. वॅग्नरला जर्मन यायचं आणि त्याने झिअरझोनचं लेखन इंग्रजीत आणलं होतं. ते छापायची तयारी होती. लँगस्ट्रॉथची पेटी त्याने उघडून पाहिली, चौकटी वरखाली करून पाहिल्या आणि आपला बेत सोडून दिला. ही पेटी झिअरझोनच्या पेटीपेक्षा सरस आहे हे त्याला पटलं होतं. अनुवादाची कागदपत्रं त्याने लँगस्ट्रॉथला वापरायला देऊन टाकली आणि पुस्तक तुम्हीच लिहा असं सुचवलं. याच वॅग्नरने १८६१ मध्ये 'अमेरिकन बी जर्नल' हे मासिक सुरू केलं. ते आजही निघतं.

लँगस्ट्रॉथचं पुस्तक १८५३ मध्ये आलं. या काळात तो तब्येतीमुळे ग्रीनफिल्डला होता, आणि अ‍ॅना फिलाडेल्फियात शिकवून घर चालवत होती. छापण्याजोगं हस्तलिखित तयार करण्यातही तिचा मोठा वाटा होता. 'द हाइव्ह अँड द हनी-बी' हे ते पुस्तक. पुढच्या पिढ्यांनी सुधारत नेलेलं हे पुस्तक मधमाशीपालक अजूनही वाचतात.

नव्या पेटीने काय बदललं? आता राणी शोधता येत होती. आजारी वसाहत वेळेत ओळखता येत होती. दुबळ्या वसाहतीला जोरदार वसाहतीतली एखादी पिल्लांची चौकट देऊन सावरता येत होतं. एका वसाहतीच्या दोन करता येत होत्या. वर मधासाठी वेगळी पेटी चढवायची, खाली पिल्लांना हात लावायचा नाही. मध काढला तरी घर शाबूत राहायचं. मध आणि माशी यांपैकी एकच निवडायची सक्ती संपली.

नाव जगभर झालं, पैसा मात्र दुसऱ्यांचा

लाकडी पेटी बघून कुणीही सुतार तशीच बनवू शकतो. लँगस्ट्रॉथच्या बाबतीत तेच झालं. किरकोळ फेरफार करून लोक आपापल्या नावाने पेट्या विकू लागले. त्याने हक्क सांगितला तेव्हा विरोधकांनी ह्युबर, झिअरझोन यांची नावं पुढे केली. चौकटी काय आधीही होत्या, यात नवीन काय, असा त्यांचा मुद्दा होता. नवीन होती ती फट. पण रिकामी जागा हा शोध आहे हे कोर्टात पटवणं सोपं नव्हतं. वर्षानुवर्षं वाद चालले, खर्च होत राहिला आणि पेटंटची मुदत संपून गेली. जगभर नाव झालेल्या या माणसाला त्यातून फारसं काही मिळालं नाही.

१८५८ मध्ये तो ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड गावी राहायला गेला. मेव्हण्याच्या मदतीने तिथे छोटं घर आणि दहा एकर जमीन मिळाली होती. त्याने माश्यांसाठी तिथे फुलणारी झाडं आणि चारा-गवतं लावली. मुलगा जेम्स हाताशी होता. दोघांनी मिळून इटालियन जातीच्या शांत, मेहनती राणीमाश्या वाढवून विकायचा धंदा उभा केला. काही काळ बरे दिवस आले.

पण आजार पाठ सोडत नव्हता. झटका आला की महिनोन् महिने काम ठप्प व्हायचं. ज्या माश्यांवर जीव लावला त्यांच्या पेट्यांकडे पाहणंही तेव्हा नकोसं व्हायचं. मन गुंतवायला तो बुद्धिबळाच्या कोड्यांत डोकं घालून बसायचा. झटका ओसरला की तोच माणूस दुप्पट उत्साहाने कामाला लागायचा, पत्रं लिहायचा, लेख लिहायचा. त्या काळात या आजाराला धड नावही नव्हतं, औषध तर दूरच.

१८७० मध्ये जेम्स गेला. १८७३ मध्ये अ‍ॅना गेली. यानंतर पेट्यांचा धंदा सांभाळणं त्याला शक्य राहिलं नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या हाती पुस्तक

इथे गोष्टीत आणखी एक माणूस येतो. चार्ल्स डॅडंट. फ्रान्समधून अमेरिकेत आलेला हा मधमाशीपालक इलिनॉय राज्यात स्थायिक झाला होता. माशीच्या वाटेचं तत्त्व त्याला पूर्ण मान्य होतं. पण पेटीच्या आकाराबद्दल त्याचं मत वेगळं होतं. जोमदार राणीला अंडी घालायला लँगस्ट्रॉथची पेटी अपुरी पडते, चौकटी जास्त खोल आणि पेटी जास्त मोठी हवी, असं तो म्हणायचा.

तब्येतीमुळे आपल्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढणं लँगस्ट्रॉथला जमेना. त्याने ते काम डॅडंट आणि त्याच्या मुलाकडे सोपवलं, आणि १८८९ मध्ये नवी आवृत्ती निघाली. पुस्तक लँगस्ट्रॉथचं, आणि त्यातच मोठ्या पेटीची बाजू मांडलेली. आपलंच माप शेवटचं, असा हट्ट त्याने धरला नाही. युरोपच्या काही भागांत आजही डॅडंटची मोठी पेटी चालते, अमेरिकेत आणि इतर बऱ्याच देशांत लँगस्ट्रॉथची.

तोवर इतर शोधांनी पेटीला साथ दिली होती. १८५७ मध्ये जर्मनीत योहान मेहरिंगने षटकोनी ठसे उठवलेला मेणपत्रा बनवला, त्यामुळे माश्या चौकटीत सरळ पोळं बांधू लागल्या. १८६५ मध्ये फ्रान्झ फॉन ह्रुश्काने मध काढायचं फिरतं यंत्र दाखवलं. चौकट यंत्रात घालून फिरवली की मध बाहेर येतो आणि रिकामं पोळं माश्यांना परत देता येतं. चौकट बाहेर काढता येत नसती तर या यंत्राचा उपयोगच झाला नसता.

१८८७ मध्ये लँगस्ट्रॉथ लेकीच्या कुटुंबासोबत ओहायोतल्याच डेटन शहरात गेला. ६ ऑक्टोबर १८९५, रविवार. तिथल्या चर्चमध्ये तो प्रवचन द्यायला उभा राहिला आणि सुरुवात करता करताच कोसळला. वय ८४. त्याच्या पेटंटला आदल्याच दिवशी ४३ वर्षं झाली होती.

पेटी भारतात आली, पण माप बदललं

लँगस्ट्रॉथने माप घेतलं ते युरोपीय मधमाशीचं, म्हणजे मेलिफेराचं. भारतातली पेटीत राहणारी माशी वेगळी. महाराष्ट्रात तिला सातेरी म्हणतात. ती आकाराने लहान, तिची वसाहतही लहान. युरोपीय मापाची पेटी तिला मानवत नाही, हे लवकरच दिसून आलं.

हा गुंता सोडवला तोही एका धर्मगुरूने. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ या काळात सातेरीसाठी छोट्या मापाची पेटी तयार केली आणि गावोगावच्या लोकांना शिकवलं. न्यूटन पेटीची चौकट सुमारे आठ इंच लांब आणि पावणेसहा इंच उंच. लँगस्ट्रॉथची सुमारे साडेसतरा इंच लांब आणि नऊ इंच उंच. म्हणजे एका लँगस्ट्रॉथ चौकटीच्या जागेत न्यूटनच्या तीन चौकटी सहज बसतील. लाकूड कमी केलं, तत्त्व तेच ठेवलं. माशीची वाट, पण सातेरीच्या अंगाने थोडी अरुंद. पुढे सातेरीच्या पेट्यांची भारतीय मानकं ठरली. त्यातली छोटी 'ए टाइप' आणि तिच्यापेक्षा मोठी 'बी टाइप' म्हणून ओळखली जाते.

मेलिफेरा माशी भारतात नीट रुजली ती १९६२ मध्ये, आताच्या हिमाचल प्रदेशातल्या नगरोटा इथे. तिच्याबरोबर मूळ मापाची लँगस्ट्रॉथ पेटी देशभर पसरली. त्याच वर्षी पुण्यात मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था सुरू झाली. महाबळेश्वरच्या डोंगरात मात्र सातेरीचीच परंपरा. तिथलं मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं.

मग मराठवाड्यात कोणती पेटी?

लँगस्ट्रॉथची शिकवण लावली तर प्रश्नाचा क्रमच बदलतो. आधी माशी ठरवायची, मग पेटी.

आग्या आणि फुलोरी या माश्यांसाठी कोणतीच पेटी नाही. दोघी उघड्यावर एकच पोळं बांधतात, एक कड्यावर किंवा उंच झाडावर, दुसरी झुडपात. अंधाऱ्या पोकळीत ओळीने अनेक पोळी बांधणं हा त्यांचा स्वभाव नाही. त्यांचं पोळं आणून पेटीत ठेवलं तर माश्या निघून जाणार. त्यांना शेतात ठेवायचा मार्ग एकच, बांधावरची झाडं राखायची आणि पोळी जाळायची नाहीत.

सातेरी पाळायची असेल तर लहान पेटी. मोठी पेटी म्हणजे जास्त मध, हा हिशेब इथे चुकतो. छोट्या वसाहतीला मोठ्या पेटीतली सगळी पोळी झाकून बसता येत नाही. राखणीला माश्या नसलेल्या पोळ्यांवर मेणकिडा अंडी घालतो. सातेरीचा स्वभावही असा, की त्रास वाढला की ती सगळं घर सोडून निघून जाते. ती मेलिफेरासारखी राळ वापरत नाही, म्हणून फटीच्या मापात ढिलाई चालेल असंही नाही. जादा जागा दिसली की तीही तिथे आडवंतिडवं पोळं बांधते.

मेलिफेरा ठेवायची असेल तर लँगस्ट्रॉथ पेटी. ही माशी मोठ्या संख्येने राहते, लहान पेटीत तिची दाटी होते आणि वसाहत फुटून अर्ध्या माश्या राणीसह उडून जातात. मध जास्त देते, पण तिला खायलाही जास्त लागतं. मोसंबीचा आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, त्याच सुमारास पुढे कांदा बियाण्याचे गोंडे येतात. ते संपलं की उन्हाळ्यात फुलं कमी. मग पेट्या फुलं असतील तिकडे हलवायच्या किंवा साखरेचा पाक द्यायचा, याची तयारी हवी. सगळ्या पेट्या एका मापाच्या असल्या तर गाडीत एकावर एक रचता येतात आणि एकीची चौकट दुसरीत बसते. वेगवेगळ्या सुतारांकडून वेगवेगळ्या मापाच्या पेट्या घेतल्या तर हा फायदाच जातो.

पेटी विकत घेताना रंग, नक्षी, किंमत याआधी पट्टी घेऊन फटी मोजायच्या. चौकट आणि भिंत यांच्यातली, चौकट आणि झाकण यांच्यातली. लाकूड कच्चं असेल तर मराठवाड्याच्या उन्हात ते वाकतं आणि माप बिघडतं, म्हणून वाळलेलं लाकूड बघायचं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पेटी झाडाच्या सावलीत हवी आणि जवळ पाणी हवं. पिल्लांची जागा साधारण ३५ अंशांवर ठेवण्यासाठी माश्या पाणी आणून पंखांनी वारा घालतात. पेटी उन्हात असेल तर त्यांचा सगळा दिवस त्यातच जातो, फुलांवर जायला कुणी उरत नाही. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. शेजारच्या कपाशीवर कधी फवारणी होणार, हेही आधी विचारून ठेवायला हवं. मापात बसलेली पेटीसुद्धा औषधापासून माशीला वाचवू शकत नाही.

लँगस्ट्रॉथच्या काळात त्याची पेटी, झिअरझोनची पेटी, डॅडंटची पेटी असे वाद रंगत, आणि प्रत्येकाला आपलीच पेटी श्रेष्ठ वाटे. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत आकार बदलले, लाकडं बदलली, प्रदेशागणिक नावं बदलली. टिकून राहिली ती चौकटीभोवतीची अर्ध्या बोटाची मोकळी जागा. ती सांभाळणारी आणि आत राहणाऱ्या माशीच्या अंगाला बसणारी पेटी ही योग्य पेटी, मग ती महाबळेश्वरच्या जंगलात ठेवलेली असो की पैठणच्या मोसंबीखाली.